उजव्या चाकाचं बेअरिंग

हे लिहिणारच नव्हतो. गाडीखाली आडव्या पडलेल्या माणसाची कसली आलीय गोष्ट? पण राहवलं नाही.

तर मेकॅनिक गाडीखाली होता. कंबरेचे तुकडे पडले होते, डोळ्यांत गंज गेला होता, आणि मागच्या उजव्या चाकाचा आर्म, म्हणजे चाक धरणारा लोखंडी दांडा, काही केल्या शाफ्टवरून निघत नव्हता. बाहेर त्याचा दोस्त जुन्या टायरवर बसून बोलत होता. गाडी दोस्ताची. वडिलांच्या वेळची.

"चाक बघ कसं वरून आत कललंय. मेहुण्याला चार दिवस दिली, कुठल्या खड्ड्यात घातली देव जाणे. मीही सोडला नाही. भरल्या ताटावर झाडला त्याला."

"काय म्हणाला?"

"म्हणतो, दाजी, शप्पथ, जपून चालवली. ताटावरनं उठला तो उठला. पंधरा दिवस झाले, पाय ठेवला नाही घरात. आणि त्याची बहीण माझ्याशी कामापुरतं बोलते. 'दूध संपलंय.' बस." दोस्त हसला, पण ते हसू काही टिकलं नाही.

मेकॅनिकनं आणखी दोन घाव घातले. आर्म सुटला. आत बेअरिंग कुठलं, नुसता लाल भुगा ओघळला.

हे कशानं झालं, ते त्याला माहीत होतं. गेल्या वर्षी दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलायची ठरली होती. डावीकडची बदलली. उजवीकडचा शाफ्ट असाच हटून बसला. दिवसभर राबून हात गळाले होते. त्यानं ग्रीस ठासलं, चाकाचा करकर आवाज बंद झाला, आणि दोन्ही बाजू झाल्या म्हणून चावी देऊन टाकली.

बाहेर सरकायला त्याला वेळ लागला. तळहातावर भुगा घेऊन तो दोस्तापुढे उभा राहिला.

"मेहुण्यानं काही केलं नाही. बेअरिंग गंजून चाक कललंय. गेल्या वर्षी ही बाजू मी उघडलीच नव्हती."

दोस्तानं भुग्याकडे पाहिलंच नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"गुपचूप बदलायचंस ना. मला काय कळणार होतं?"

"नसतंच कळलं."

मग दोस्त पँट झटकत उठला. "आता कुठल्या तोंडानं जाऊ रे मी त्याच्याकडे?"

"नवीन बेअरिंगं बसली की आजच निघू. वहिनींनाही घे. दार मी वाजवतो. बोलतोही मीच. तू फक्त मागे उभा राहा."