आईच्या नावाने

थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षी धाकटी भाषा शिकायला विद्यापीठातर्फे वर्षभर परदेशी गेली. तिच्या आईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची, "लिहा, वेळेवर जेवतेस का गं भवाने?" आणि मी नव्याने शिकलेल्या अक्षरांत उतरवायचो. "पोरीला शिक्षण अर्धवट सोडून बोलावू नका," हे तिचं शेवटचं सांगणं. पुढची पत्रं मीच तिच्या नावाने लिहिली.

जूनमध्ये धाकटी परतली. तिने आईला हाक मारली नाही.

"फेब्रुवारीपासून आईने एकदाही भवाने म्हटलं नाही, बाबा. तेव्हाच समजलं."

"मग आईला उत्तरं का धाडत राहिलीस?"

"नाहीतर तुम्ही कोणाशी बोलला असता?"

तिची आई नऊ फेब्रुवारीला गेली. आम्ही दोघं रडलो ते जूनमध्ये.