वीतभर वाढलेली मुलगी

शाल्मलीला कपाटाशी ताठ उभं करून हृषीकेशने पेन्सिलीची खूण केली आणि तो ओरडलाच, "अगं नीरू, बघ! वर्षात वीतभर वाढली! कार्टी माझ्याही वर जाणार."

निरुपमा हसत आली आणि जागीच थबकली. लेकीच्या अंगात गेल्या वाढदिवसाचाच फ्रॉक होता आणि तो तेव्हासारखाच गुडघ्याखाली येत होता.

तिने जेवणाच्या टेबलावर विती टाकून पाहिल्या. सात विती भरणारं टेबल जेमतेम सहा भरलं.

कॉम्प्युटर गेमसाठी भुयारं रचणं हे तिचं काम. खोली आकसवताना आतलं सामानही त्याच मापाने आकसवलं की खेळाडूला पत्ता लागत नाही, ही तिचीच गाजलेली युक्ती. त्यांच्या घरासारखी, भिंती आणि सामान आपणहून लहानमोठं करणारी घरं चालवणारं यंत्र तिच्याच भुयारांवर शिकलं होतं. तेव्हा तिला त्याचं कोण कौतुक वाटलं होतं!

त्या युक्तीचा शेवटही तिला पाठ होता. खेळाडूला संशय आल्याचं कळलं, की खोली भराभर मिटत जाते. आणि हे घर तर सगळं ऐकत असतं.

"चला, आइस्क्रीम खायला जाऊ," ती जमेल तितक्या सहजपणे म्हणाली. "आत्ताच."

शाल्मली आनंदाने दाराकडे पळाली.

"आणि ही मापं कसली घेतेस?" हृषीकेश मोठ्याने हसला. "घर लहान झालं की काय आपलं?"

निरुपमाने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला.

दारातून शाल्मलीचा आवाज आला, "आई, मी वाकून जाऊ का?"