हाकेला ओ

हुस्नीये आजीनं मेलेल्या नवऱ्याची जुनी विजार शेजारच्या दोंदूच्या अंगणातल्या दोरीवर टाकली, चिमटा मारला आणि तशीच पळत बेकीरच्या घरात शिरली. चुलीत ओली लाकडं सारली. धूर निघायला हवा होता. चांगला दाट.

डोंगराच्या पायवाटेनं एक माणूस उतरत होता.

बेकीर मागच्या थंडीतच वारला. दोंदूला तिच्या मुलांनी शहरात नेलं. आता गावात आजी, एक शेळी आणि वारा. पण हे आजीनं कुणाला सांगितलं नव्हतं, मुलाला तर नाहीच नाही. जेलालनं बजावलंच होतं, ‘‘आई, हाकेला ओ देणारं एक माणूस तिथं आहे तोवर राहा. नसेल त्या दिवशी गाडी घेऊन येतो आणि तुला अंकाराला नेतो.’’

अंकाराला त्याचं घर नवव्या मजल्यावर. आजी एकदा महिनाभर राहून आली होती. तिथं खिडकी उघडली की ढग आत येऊन चहा मागतात. माणूस मात्र एक येत नाही.

परवा फोनवर जेलाल म्हणाला होता, ‘‘कुणाला तरी पाठवतोच एकदा बघायला.’’

आला म्हणायचा.

माणूस सत्तरीचा होता. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले पण धुळीनं माखलेले बूट, खांद्याला पिशवी. सडक सोडून डोंगरानं आला, म्हणजे गाडी कुठंतरी लपवून ठेवली असणार. लबाड!

‘‘सलाम, बाई. पाहुणा चालेल का?’’

‘‘चालेल म्हणजे? देवाचा पाहुणा. बसा तुतीखाली.’’

दारी आलेल्याला कोण, कुठला, कशाला आलास, असं विचारायचं नसतं. त्यानं आपणहून सांगितलं तर ऐकायचं. आजीच्या जिभेवर तिन्ही प्रश्न नाचत होते, पण तिनं दात आवळले आणि कॉफी मांडली. शेजारी पाण्याचा पेला.

त्यानं आधी पाणी उचललं. म्हणजे भुकेला होता. पोट भरलेला असता तर हात कॉफीकडं गेला असता. आजी आत गेली आणि दलियाचा भात, दही, कांदा, पातळ रोट्या घेऊन आली.

‘‘गाव नांदतं दिसतंय,’’ धुराकडं बघत तो म्हणाला.

‘‘नांदतं? अहो, कान किटतात! थांबा, शेळी पलीकडं शिरली वाटतं. दोंदूऽऽ! शेळी हाकल गं!’’

आजी लगबगीनं भिंतीआड गेली आणि नाकात बोलली, ‘‘हाकलते! आधी तुझं तोंड आवर, म्हातारे!’’

परत आली तेव्हा धाप लागली होती.

‘‘शेजारीण फटकळ आहे,’’ पाहुणा म्हणाला.

‘‘दोंदू? ती शिंकली की तीन शेतांपलीकडचे जर्दाळू गळतात. आणि तो धूर दिसतोय ना, तो बेकीर. मेला असा घोरतो, की मागं इमामाला भूकंप वाटला. अनवाणी पळाला बिचारा, अजून परत आला नाही.’’

पाहुणा खो खो हसला. हसता हसता मध्येच थांबला आणि डोळे पुसले.

‘‘फार दिवसांनी हसलो.’’

आजीनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला. दोंदूला भेटतो म्हणायच्या आत याला वाटेला लावायला हवं होतं. आणि तरी हात वाढतच होता. आपल्या ताटासमोर दुसरं ताट बघून तिला किती दिवस झाले होते!

‘‘संध्याकाळी बसता का सगळे एकत्र?’’ त्यानं विचारलं.

‘‘रोज. बसायला गाद्या पुरत नाहीत.’’

‘‘गप्पा होत असतील.’’

‘‘भांडणंसुद्धा.’’

‘‘भांडणंसुद्धा,’’ तो हळूच म्हणाला. मग रोटीचा तुकडा बोटांत चुरत राहिला. ‘‘गावात एखादं रिकामं घर असेल का हो?’’

हाच तो सापळा! आजी ताठ झाली.

‘‘रिकामं? डाळिंबात दाणे बसावेत तशी माणसं बसलीत इथं. आणखी एक दाणा मावायचा नाही.’’

पाहुण्याचं तोंड उतरलं. ‘‘बरोबर आहे,’’ एवढंच म्हणाला आणि पिशवी उचलली. आजी जिंकली होती. पण हातातला घास तिनं परत ताटात ठेवला.

तो उठला तसा तिनं तांब्या भरला. जाणाऱ्याच्या मागं पाणी ओततात, पाण्यासारखा जा, पाण्यासारखा परत ये म्हणून. हेराला कशाला परत बोलवायचं? पण कोरडंच जाऊ द्यायलाही तिला धजवेना. ती तांब्या धरून फाटकाशी उभी राहिली.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. त्यानं पाठ फिरवली. आजीनं कान टवकारले. मुलाला काय सांगतोय, ऐकायलाच हवं होतं.

‘‘हां, बोल गं लेकी... एकटा कुठं? अख्खं गाव आहे की भोवती... नाही नाही, इझमीरला मुळीच न्यायचं नाही मला... जेवलो की, आत्ताच, शेजारी... खोटं कशाला बोलू? आहे ना, इथंच उभी आहे... आत्ता? तिच्याशी बोलायचंय?’’

तो वळला, फोन छातीशी घट्ट दाबून आजीच्या अगदी जवळ आला.

‘‘बाई,’’ तो कुजबुजला, ‘‘तुमचं नाव दुर्दाने. माझ्या घराला लागूनच राहता. आणि गावात आपण पुष्कळ जण आहोत.’’