सत्यशीलाची सही

केजच्या रजिस्ट्री ऑफिसात सत्यशीलानं मशिनीवर अंगठा ठेवला, तरी हनुमानचा जीव भांड्यात पडेना. बहीण आत्ता उठते की मग उठते, असंच त्याला वाटत होतं.

"राजीखुशीनं हक्क सोडताय ना बाई?" साहेबांनी विचारलं. "कोणाचा दबाव नाही ना?"

"कोणाचा न्हाई," ती म्हणाली. "भावाला दिलं."

फोटो निघाला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि सगळं आटोपलं. ज्या सहीपायी अकरा वर्षं भावाबहिणीचं तोंड वाकडं होतं, ती अर्ध्या तासात झाली.

अकरा वर्षांमागं बाप गेला आणि साडेचार एकर रानाच्या सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. आई साखराबाई, हनुमान आणि थोरली सत्यशीला. बहिणीनं हक्कसोड करून द्यायची, भावानं साडीचोळी करायची आणि माहेराला येणं-जाणं चालू ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. ती कोण मोडतं? सत्यशीलानं मोडली.

त्या वेळी हनुमानचा बेत लई मोठा होता. रान विकायचं, दोन काळीपिवळी जिपा घ्यायच्या आणि केज-अंबाजोगाई लाईनीला लावायच्या. गिऱ्हाईक ठरलं, भागीदारही ठरला. भागीदाराबरोबर रोज संध्याकाळी बसणं व्हायचं, पत्तेही असायचे. पण ऐन तिशीत सोवळं कोण असतं? साखराबाई तर म्हणाली, "माझा अंगठा कवाबी घे." अडली ती बहीण. "सही करणार न्हाई," एवढंच म्हणाली. कारण विचारलं तरी पुन्हा तेच.

मग साखराबाईनं अख्ख्या गल्लीदेखत लेकीला धुऊन काढलं. वैरिणीलाही कोणी देणार नाही अशा शिव्या दिल्या. "आजपासून ही मला मेली," म्हणाली. आई तरी आपल्या बाजूची आहे, याचं हनुमानला तेवढंच समाधान. त्यानं बहिणीची पिशवी उंबऱ्याबाहेर टाकली. त्यानंतर दिवाळीला तिला आणायला कोणी गेलं नाही, की राखीला तिचा फोन कोणी उचलला नाही.

सौदा मोडला. भागीदारानं एकट्यानं जिपा घेतल्या आणि दीड वर्षात पार बुडाला. हनुमानची दारू मात्र पुढं सात वर्षं चालली. काविळीनं आडवा पडला तेव्हा कुठं सुटली. तोवर त्याच्या बायकोनं, सुकन्यानं, सोयाबीन-तुरीवर घर ओढलं आणि पोरीला, आरोहीला, नर्सिंगला घातलं. "बरं झालं, रान ऱ्हायलं," असं सुकन्या एकदा म्हणाली होती. हनुमान तिच्यावर केवढ्यानं खेकसला.

साखराबाईनं लेकीचं नाव पुन्हा काढलं नाही. महिन्याच्या महिन्याला डोळ्याचं औषध आणायला ती एसटीनं अंबाजोगाईला जायची, तीही एकटीच. सोबत येतो म्हटलं तर फिस्कारायची, "मी काय आंधळी झाले का?"

गेल्या पौषात म्हातारी गेली.

आता हनुमानला सोलर पंप घ्यायचा होता. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव म्हणून अर्ज परत आला. मन घट्ट करून त्यानं फोन लावला. विनवण्या करायच्या, पडलंच तर धमकी द्यायची, सगळी तयारी ठेवली होती. सत्यशीला पलीकडून म्हणाली, "कवा येऊ?"

काम झाल्यावर दोघं स्टँडवर आले. तिचं सासर अंबाजोगाईला, गाडीला अजून वेळ होता. हनुमाननं दोन चहा आणले. कागदांची पिशवी त्यानं मांडीवर गच्च धरली होती.

"शेवटाला आई काई बोलली का रे?" सत्यशीलानं विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "जीभ जड झालती."

हे खोटं होतं. शेवटचे तीन दिवस म्हातारी एकच विचारत होती, "सत्यशीला आली का?" फोन करा, फोन करा, असं सुकन्या म्हणत राहिली. त्यानं केला नाही. आई भ्रमात बोलते आहे, शुद्धीवर आली तर आपल्यालाच बोल लावील, अशी त्यानं मनाची समजूत घातली. खरं तर त्याला बहिणीला तेवढं सुख द्यायचं नव्हतं. माती सावडून झाली तेव्हा कुठून तरी सत्यशीलाला कळलं. आता ती शेजारी बसून चहा पीत होती, तोंडातून एक वावगा शब्द नाही, आणि हनुमाननं आपला चहा तसाच बाकावर ठेवला. आपलं चुकलं, लई चुकलं, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

"अक्का," तो म्हणाला. अकरा वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडी आला नव्हता. "आज एका फोनवर आलीस. मग तवा कावून अडून बसलीस?"

"जाऊ दे. झालं गेलं."

"न्हाई, सांग. तुला रानाचा लोभ असता तर आज सोडलं नसतं."

अंबाजोगाईची गाडी लागली. माणसं दाराकडं धावली. सत्यशीला सावकाश उठली, पदर खोचला आणि भावाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"दारू सोडून चार वर्षं झाली ना तुला? आईला लई आनंद झालता."

"तुला आई कवा भेटली?"

"महिन्याच्या महिन्याला." ती गाडीच्या पायरीवर चढली. "सही करू नको म्हणून आईनंच माझे पाय धरले होते, हनुमान. पोरगं शुद्धीवर न्हाई, रान फुकून टाकील, म्हणली. मी म्हणले, माझं माहेर तुटंल. तर म्हणली, तुला मी येऊन भेटत जाईन, अन् माझ्या शेवटाला हनुमान तुला बोलवीलच, एवढा काई वाईट न्हाई त्यो."