ब्रेकमधली हवा

“सोड,” सासरे म्हणाले. तिनं ब्रेकचा लिव्हर सोडला. त्यानंतर त्यांनी पान्ह्यानं निपल आवळला.

पहिल्यांदा तिच्या ते लक्षातच आलं नाही. मग तिनं वाकून पाहिलं. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाशी, ब्रेकच्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी जोडलेली होती. नळीचं दुसरं टोक रिकाम्या बाटलीत. तिनं लिव्हर दाबला की पिवळसर ऑइल नळीतून खाली यायचं. तिनं सोडला की तेच ऑइल मागे सरकायचं, आणि त्याच्या पाठोपाठ बोटभर हवा सुळकन ब्रेकच्या आत जायची. निपल तर अजून उघडाच असायचा.

अर्धा तास ती दोघं ब्रेकमधली हवा काढत बसली होती. काढत कसली, भरत होती.

“बाबा, आधी निपल बंद करायचा ना? मग मी सोडायचं?”

सासऱ्यांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. “हे कुणी शिकवलं?”

“रात्री मोबाइलवर बघितलं. एक माणूस दाखवत होता.”

“त्या माणसाला म्हणावं, ये एकदा घरी. चहा पाजतो तुला.” ते हसले. “अगं, तू जन्मायच्या आधीपासून लोकांचे ब्रेक करतोय मी. धर.”

खोटं नव्हतं ते. गॅरेज बंद करून तीन वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना ब्रेकमास्तरच म्हणायची. कुणाच्या ब्रेकची कुरकुर सुरू झाली की गाडी आपसूक यांच्या दारात यायची. पण गेल्या महिन्यात त्यांनी दुधाचं पातेलं ओट्यावरच ठेवलं आणि रिकामा गॅस पेटवून समोर उभे राहिले. ती हसली. सासूबाईही हसल्या, पण जरा उशिरा. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तुला ना, सगळीकडे काहीतरी दिसतं.” दिसायचं खरं. बाळ झाल्यापासून तिला टेबलाचे कोपरेसुद्धा टोकदार दिसायचे.

सासऱ्यांनी भराभर चार वेळा लिव्हर दाबला. तो घट्ट लागला. “झाला की!” ते म्हणाले आणि पान्हा पुसायला घेतला.

तिनं मिनिटभर थांबून पुन्हा दाबला. लिव्हर ओल्या स्पंजासारखा थेट मुठीला जाऊन टेकला.

पाच वाजता नवरा येणार होता. मग तिघं याच गाडीवरून बाळाला लस द्यायला खालच्या दवाखान्यात जाणार होते. रस्ता सगळा उताराचा. उतार संपतो तिथं हमरस्ता, आणि हमरस्त्यावर दिवसरात्र ट्रक.

“बाबा, अजून थोडं करू या. मऊ लागतोय.”

“बरं बाई. तुझं समाधान होऊ दे. धर.”

सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. बाबा, तुम्ही विसरताय. पण तिची नजर त्यांच्या हातांवर गेली. जुन्या भाजल्याचे डाग, नखांत मुरलेलं काळं, आणि पान्हा धरलेली बोटं जराही न थरथरणारी. हात सगळं बरोबर करत होते. फक्त दोन गोष्टींचा क्रम त्यांच्या डोक्यातून निसटला होता. हे बोलून दाखवलं, तर हा माणूस पुन्हा कधी चाकासमोर बसणार नाही, हे तिला कळत होतं.

“सोड.”

तिनं सोडला नाही. दात आवळून धरून ठेवला. पान्हा फिरला, निपल आवळला गेला, तेव्हा तिनं हात सैल केला.

“ऐकू आलं नाही का?”

“बोट अडकलं, बाबा.”

पुढच्या वेळी तिला बाळ रडल्यासारखं वाटलं. त्याच्या पुढच्या वेळी हाताला मुंगी चावली. “कानात कापूस घातलायस का?” सासरे वैतागले. “सोड म्हटलं की सोडायचं! गॅरेजात असतीस तर एका दिवसात घरी पाठवली असती.” ती दर वेळी लिव्हर तसाच धरून ठेवत राहिली. नळीतले बुडबुडे लहान होत गेले. मग राईएवढे झाले. मग नुसतं ऑइल, स्वच्छ, एकसंध. लिव्हरजवळच्या ऑइलच्या डबीत तिनं ऑइल ओतलं. पुन्हा दाबलं.

आता सासऱ्यांनी स्वतः दोन बोटांनी लिव्हर दाबला. थांबले. पुन्हा दाबला. त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला.

“दगड!” ते म्हणाले. “बघ. म्हणे मोबाइल!”

“तुमचा हातच तसा आहे, बाबा.”

कपाळावरचा घाम पुसताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. कुणाला दुखावलं नव्हतं आणि गाडीही नीट झाली होती. रात्री नवऱ्याला हळूच सांगायचं, बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं. आजचं तर निभावलं.

समोरच्या घरातून एक मोटरसायकल बाहेर पडली. टाकीवर छोटी मुलगी, मागे बायको, बायकोच्या मांडीवर पिशवी. “मास्तर, येतो!” चालवणारा ओरडला. सासऱ्यांनी तेलकट हात उंचावला. गाडी कोपऱ्यावर वळली आणि उताराला लागली.

“कालच केली ही,” सासरे फडक्याला हात पुसत म्हणाले. “लिव्हरला त्याची बायको बसली होती. तुझ्यासारखी हट्टी नाही हो ती. सोड म्हटलं, की लगेच सोडायची.”