दाराशी चपला

"हरलो तर आयसेलिनला, घरी परत येतो," बाबा आयर्लंडहून म्हणाले होते. तिथल्या सिटी कौन्सिलच्या इलेक्शनला उभे होते. सकाळी आई त्यांना फोनवर "तुम्हीच जिंकणार" म्हणाली आणि साडीच्या दुकानात कामाला गेली. शाळा सोडल्यापासून मी घरीच. मोजणीच्या पहिल्या फेरीत पाच सीट्ससाठी बाबा नववे! मी त्यांच्या चपला बॉक्समधून काढून दाराशी मांडल्या. पण तिथे शेवटचा उमेदवार बाद झाला की त्याची मतं मतदारांच्या दुसऱ्या पसंतीला जातात. दर फोनला बाबा वर सरकले: सातवे, सहावे. मग ओरडलेच, "जिंकलो रे, शेवटची सीट!" "काँग्रॅट्स" म्हणून मी फोन आपटला. च्यायला, ज्यांची पहिली पसंती बाबा नव्हतेच, त्यांनीच बाबांना ठेवून घेतलं. चपला उचलायच्या राहूनच गेल्या. आई आली. दारातच थांबली. चपलांकडे बघून खुदकन हसली. "हरले ना रे?"