चार बटणांचा कीबोर्ड

अर्धांगवायूने दिनकररावांची वाचा गेली, तेव्हापासून गळ्यातला पट्टाच त्यांच्यासाठी बोलायचा. मेंदूतल्या लहरींवरून मनातलं ओळखून तो त्यांच्याच आवाजात म्हणायचा, "शालन, चहा फक्कड झालाय." सगळ्यांना कौतुक वाटायचं. शालनच्या जिवाला मात्र चैन नव्हतं. अख्ख्या संसारात नवऱ्याने तिच्या चहाला कधी फक्कड म्हटलं नव्हतं.

शेवटी तिने सुटी बटणं आणली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोल्डरिंग करून छोटा कीबोर्ड जोडला. एक बटण दाबलं की एकच शब्द ऐकू येई: हो, नको, खोटं, थांब. दिनकररावांचा डावा हात तेवढा हलायचा. तिने कीबोर्ड त्या हाताखाली सरकवला.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"अगदी मजेत आहे," पट्टा लगेच म्हणाला.

दिनकररावांची बोटं बटणांवरून फिरली.

"खोटं," कीबोर्डमधून आवाज आला. "खोटं. खोटं."

शालनने घाईघाईने त्यांच्या गळ्यातला पट्टा काढला. तो तिच्या हातातही बोलतच राहिला, "काळजी करू नकोस, मी खूश आहे."

तिने तो बंद केला.

"कुठे दुखतंय का हो?"

"हो."

डोळे पुसत तिने त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. "इथे?"

"नको," कीबोर्ड म्हणाला. ती हात काढून घेऊ लागली, तेवढ्यात पुन्हा आवाज आला, "थांब. हो."